बुरुजावरची निशाणी

बुरूज ढासळला त्याला चार महिने झाले होते, आणि चार महिने धाकटा गवंडी मूग गिळून बसला होता.

टेकडीवरच्या किल्ल्याचं तसं काही उरलंच नव्हतं. सातशे वर्षांत त्याने पाच वेढे सोसले, एकदा सुरुंगाने उडवला गेला, आणि जे राहिलं ते गावाने घरं बांधायला वाहून नेलं. अर्ध्या गावाच्या भिंती किल्ल्याच्याच दगडांच्या आहेत, पण अभिमान सांगताना सगळे बोट दाखवतात ते टेकडीकडे. एक बुरूज तेवढा उभा होता. तीस वर्षांपूर्वी त्याची डागडुजी केली ती दादाने, धाकट्याच्या थोरल्या भावाने. धाकट्याला थापी धरायला शिकवली तीही त्यानेच. काम संपल्यावर दादाने पायथ्याच्या दगडावर आपली निशाणी कोरली, एक त्रिकोण आणि आत टिंब. "निशाणी म्हणजे जबाबदारी," तो म्हणायचा. "उद्या काही झालं तर लोकांनी सरळ माझ्या दारात यावं."

लोक आले. "तुमच्या हातचं काम होतं, दादा," एवढंच म्हणाले, पण म्हातारा तेवढ्यानेच खचला. डोळे आधीच गेले होते, गुडघे गेले होते. आता झोपही गेली. "माझाच चुना कच्चा राहिला असणार," दिवसभर हेच पालुपद. शेवटी आज सकाळी त्याने आपली छिन्नी धाकट्याच्या हातात ठेवली. "मला काही चढवत नाही. तू जा आणि ती निशाणी तासून टाक. लाज वाटते मला."

धाकटा चढला. बुरुजाचा खालचा अर्धा अजून उभा होता, वरचा तेवढा कोसळला होता. ढासळलेल्या राशीत त्याला आपलं पाप शोधावं लागलं नाही, ढेकळाढेकळाने समोर पडलं होतं. डागडुजीच्या वेळी रविवारी उद्घाटन ठरलं होतं, दादा तापाने फणफणला होता, आणि चुना मुरायला अजून पंधरा दिवस हवे होते. बावीस वर्षांच्या धाकट्याने दीडशहाणपणा केला. वरच्या अर्ध्या बुरुजात दगडांमधल्या फटी सिमेंटने भरल्या आणि वरून चुन्याचा हात फिरवला. चुना पाणी पितो आणि परत सोडतो, सिमेंट मात्र आतलं पाणी आतच कोंडतं, हे दादाने त्याला शंभरदा सांगितलं होतं. ताप उतरल्यावर दादा आला, खालूनच वर बघितलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून दुखत होती. पाच वेढ्यांना जे जमलं नाही, ते धाकट्याने पाच पोती सिमेंटमध्ये करून दाखवलं होतं.

त्याने छिन्नी निशाणीवर टेकवली, हातोडा उचलला. पण हात चालेना. मग त्याने एक ढेकूळ खिशात टाकलं आणि तो उतरला.

"काढलीस?" दादाने खाटेवरूनच विचारलं. वहिनी शेजारी शेंगा सोलत होती.

धाकट्याने वाटभर वाक्यं जुळवली होती. त्याने ढेकूळ दादाच्या हातात दिलं. दादाने ते नखाने खरवडलं, पुन्हा खरवडलं.

"अरे, नख लागत नाही! हा चुना नव्हे, सिमेंट आहे. कुठलं हे?"

"वरच्या फटींतलं."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अगं, ऐकलंस का? माझा चुना बरोबर होता! खालचा अर्धा उभा आहे ना, तो माझा!" तो हसला, ठसका लागला, पुन्हा हसला. वहिनीने पदराने डोळे पुसले. धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे हसू चार महिने त्याच्या हातात होतं, आणि त्याने ते दिलं नव्हतं.

दादाची बोटं ढेकळावर थांबली. तेव्हा वर कामाला कोण होतं, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"सिमेंटचं एक सोड, तेव्हा पोर होतास," तो हळू म्हणाला. "पण चार महिने मी रोज तुझ्यासमोर रडलो. तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो, दादा."

दादाने हात पुढे केला. "माझी छिन्नी दे."

धाकट्याने ती दिली. दादाने ती चाचपली, पांघरुणाला पुसली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.