दोन ईनबाई कोचीत

तिकिटं काढली होती निकेश आणि रंजीतानं, स्वतःसाठी. मुंबईहून कोचीला जाऊन परत येणारं मोठं जहाज, सहा दिवस. पण ऐन वेळी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात निकेशची सुट्टी रद्द झाली, आणि शेवटी जहाजावर चढल्या त्या दोघांच्या आया. रंजीताची आई रुखमाबाई भामरागडची, नदीत मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची. निकेशची आई मंजुषाबाई तशी त्याच जातीतली, पण ऊर्जानगरच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. एकमेकींच्या ईनबाई, म्हणजे विहिणी. दोन दिवस एका खोलीत राहूनही बोलणं "तुम्ही आधी आंघोळ करा जी" यापुढे गेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज कोचीला लागलं. चार वाजेपर्यंत परत या, असं सांगून सगळ्यांना खाली सोडलं. मंजुषाबाईंनी कागदावर यादीच करून आणली होती : आधी चर्च, मग राजवाडा, मग समुद्र. रिक्षातून उतरलं की त्या पुढे, रुखमाबाई दोन पावलं मागे. मुलीच्या आईनं मागे चालावं असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण लग्नाला आठ वर्षं झाली तरी ती तशीच चालत होती. मंजुषाबाई प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवत. रुखमाबाई "होय जी" म्हणे आणि पायातल्या नव्या चपलेला मनात शिव्या देई.

मग समुद्र आला, आणि रुखमाबाई जागीच थांबली.

काठावर घराएवढी जाळी उभी होती. लांब लाकडी बल्ल्यांना टांगलेली, मागे दोरांना मोठमोठे दगड. पाच-सहा माणसं दोर ओढून जाळं पाण्यातून वर काढत होती. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बघ्यांना हात करून बोलावलं, या, तुम्हीही ओढा. बाकीचे फोटो काढत राहिले. रुखमाबाईनं पदर खोचला.

"ईनबाई, पडाल!" मंजुषाबाई ओरडल्या.

"नाई पडत. पुरात डोंगा हाकलला हाय म्या."

ती फळ्यांवर चढली आणि दोर धरला. म्हातारा त्याच्या भाषेत ओरडे, ही हिच्या भाषेत. "अरे बापा, इकडून ढील द्या ना! सगळे एकाच बाजूनं काऊन ओढून राह्यले?" कुणाचं कुणाला कळत नव्हतं, पण जाळं वर आलं. आत ओंजळभर मासळी, एक खेकडा आणि प्लास्टिकची बाटली.

"एवढं मोठं जाळं आन एवढीशी मासळी! आमच्या पर्लकोटा नदीत पोट्टे टोपलीनं याहून जास्त काढते."

म्हातारा पोट धरून हसला. काय कळलं त्याचं त्यालाच ठाऊक. त्यानं दोन चपट्या मासोळ्या तिच्या हातात ठेवल्या आणि मागच्या टपरीकडे बोट दाखवलं. तिथं लगेच तळून मिळत होतं.

मंजुषाबाई लांब बाकावर बसल्या होत्या. साखरपुड्यातच त्यांनी जाहीर केलं होतं : आमच्याकडे मासळी चालत नाही. ढिवरांच्या लग्नात पनीर वाढलं होतं, आणि रंजीताही सासरी वरण-भाताला लागली होती.

"ईनबाई, तुमच्यासाठी केळं आणू का जी?" रुखमाबाईनं विचारलं.

मंजुषाबाई तव्याकडे बघत होत्या. तिकडूनच म्हणाल्या, "काटे लय असते का त्याले?"

रुखमाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या बाईच्या तोंडून तिनं कधी 'लय' ऐकलं नव्हतं. मासोळ्या तळून आल्या तसं तिनं ते पान बाकावर त्यांच्यापुढे सरकवलं. मंजुषाबाईंनी आधी चमच्यानं टोकरलं, मग चमचा ठेवला, मग डोकंसुद्धा चोखून साफ केलं.

"क्वार्टरात नवीन होतो," त्या बोटं चाटत म्हणाल्या. "शेजारीण म्हणे, वास येते. म्या म्हणलं, सोडलं आमी. मंग सगळ्यायले तेच सांगत गेले. मलेच खरं वाटाले लागलं."

"आन माही पोरगी? तिनं काऊन सोडाचं?"

रुखमाबाईचा आवाज तिच्याही नकळत चढला होता. मंजुषाबाईंनी बोटं पदराला पुसली.

"तिनं कधी मागितलं नाई."

"मागंन कशी? सासू हाय तुमी!"

समुद्रावरून एक बोट भोंगा वाजवत गेली. मंजुषाबाई खाली मान घालून काटे एका बाजूला करत राहिल्या. मग टपरीवाल्याकडे वळल्या. "भैया, और दो देना."

त्या दोन मासोळ्यांपायी उशीर झाला. रिक्षावाल्याला दामटत, जहाजाच्या शिडीशी धापा टाकत दोघी पोचल्या तेव्हा चार वाजायला सात मिनिटं होती. वर डेकवर जाऊन टेकतात तोच रंजीताचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, सासूबाईंचे खायचे हाल नाही ना झाले? तिकडं सगळी मासळीच असते म्हणे."

मंजुषाबाईंनी रुखमाबाईच्या हातून फोन घेतला.

"रंजीता, मी मासळी खाल्ली. तीन."

पलीकडे रंजीताच्या मागून निकेश घाबरून बोलला, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"लय बरी हाय. आन या रविवारी मासळी घरी आणजो. रंजीताले विचारून, तिले आवडंन ते."

रंजीता हसायला लागली ती थांबेचना, आणि तिच्या हातून फोन सुटला. पडद्यावर नुसतं स्वयंपाकघराचं छत दिसू लागलं. कुणीतरी फोन उचलेल म्हणून दोघी ईनबाई डोक्याला डोकं लावून त्या छताकडे बघत बसल्या.