ड्रमची पट्टी

आमची रीता बारावी झालेली. पोरगी पाहायला गेलो तेव्हा तिच्या बापानं हे चारदा सांगितलं आणि मी चारदा ऐकून घेतलं. माझी शाळा दुसरीतच सुटली, म्हणून मला शिकलेल्यांचं कौतुक नाही असं कोणी समजू नये. पण बारावी झालेली सून दवाखान्यातल्या कैच्या अन् चिमटे घासायचं शिकायला जाते म्हणते, तेव्हा माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय? सिंदी मेघेत आमचं किराण्याचं दुकान. गिऱ्हाइकं विचारत, "अनुसयाबाई, सून दिसत नाई?" मी म्हणायची, "नर्सिंगले गेली." ते नर्सिंग नव्हतं, पण तेल मोजता मोजता एवढं कोण समजावत बसतं?

माझ्या प्रफुलनंच तिला परवानगी दिली. बायकोपुढे त्याचं तोंड उघडत नाही, आणि माझ्यापुढे तर कधीच उघडलं नाही.

संध्याकाळी ती यायची ती पाय ओढतच. दिवसभर उभं राहायचं, ऑपरेशनची हत्यारं भिजवायची, ब्रशनं घासायची, पुसून कापडात बांधायची, मग वाफेच्या मशीनमध्ये घालायची. एवढं करून घरी आली की पुन्हा चूल. भाजीत मीठ विसरायची. पोळी लाटता लाटता सांगायची, "आई, कैची उघडी ठेवूनच धुवा लागते. बंद धुतली तर सांध्यात रक्त राह्यते."

"जेवणावर बसली मी. रक्ताच्या गोष्टी तिकडंच ठेवून येत जाय."

एक दिवस डोळे सुजवून आली. एक कैची बंदच बांधली गेली होती. त्यांच्यावर मनकर्णा सिस्टर म्हणून बाई होती, तिनं सगळ्या पोरींसमोर सांगितलं, आणखी एक चूक झाली की घरी. मी वरवर म्हटलं, "रडू नको." मनात म्हटलं, चला, सुटलो. ती घरी राहिली तर दुकानात बसेल, दुपारी मला जरा पाठ टेकता येईल. माझी पाठ आता टेकायलाच मागत होती.

कारण माझंही दुखणं होतं. तीन बाळंतपणं आणि त्यावर पोती सरकवणं, अंग खाली आलं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती. कपडा बांधून मी वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसले. रीतानं धुण्यात तो कपडा पाहिला, आणि हो-नाही करता करता मला त्याच दवाखान्यात नेऊन उभं केलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन करावं लागेल. मी सहा महिने तारखा टाळल्या. मग पावलं उचलेनात, तेव्हा कबूल झाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी माझं मंगळसूत्र काढायला लावलं, बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला ढकलगाडीवर निजवून थेटरच्या दाराशी नेऊन ठेवलं. पोटात आदल्या दिवसापासून काही नाही. घशाला कोरड. वर पंखा नुसता कुरकुरत होता. मी आपली सगळ्या देवांची नावं घेऊन झाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

तेवढ्यात दार उघडून रीता बाहेर आली. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. मी ओळखलीच नाही. ती माझ्याकडं न बघता मनकर्णा सिस्टरपुढं जाऊन उभी राहिली.

"सिस्टर, तो ड्रम उघडू नका."

ड्रम म्हणजे स्टीलचा गोल डबा. त्यात ऑपरेशनची कापडं असतात. डब्याला बाजूनं भोकं आणि भोकांवर सरकती पट्टी. मशीनमध्ये घालताना पट्टी सरकवून भोकं उघडायची, म्हणजे वाफ आत जाते. बाहेर काढल्यावर लगेच बंद करायची. डब्यावर बाहेरून टेप चिकटवतात, वाफ लागली की ती काळी होते. हे मला घरीच ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"काऊन? काय झालं?" सिस्टर म्हणाली.

"काल मी तो बाहेर काढला तेव्हा पट्टी बंदच होती. मले वाटलं, कोणी लावली असन. आता आठवलं. मीच आत घालताना लावून टाकली होती."

"टेप तर काळी झाली आहे."

"टेप बाहेरून आहे, सिस्टर. आत वाफ गेलीच नसन."

सिस्टरनं एवढंच विचारलं, "तुला कोणी पाहिलं होतं?"

"नाई."

"मग भोकं लावलीच कशी? पहिल्या दिवशी शिकवलं ते."

रीता म्हणाली, "घरी दुकानात डबा भरला की झाकण लावाच लागते. नाई लावलं तर मुंग्या होतात, मंग आई... हात आपोआपच गेला."

ढकलगाडीवर पडल्या पडल्या मी ऐकत होते. मुंग्यांवरून मी तिला काय काय बोलले ते ह्या हिरव्या कपड्यातल्या बायांना कशाला सांगायला हवं होतं? ताडकन उठून बसावं वाटलं, पण अंगात त्राण नव्हतं.

तिनं काल बांधलेलं सगळंच परत गेलं. दुसरे ड्रम होते, ते अडलेल्या बाळंतिणींसाठी राखून ठेवलेले. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, "आजी, आज नाही. पुढच्या आठवड्यात." मला परत वार्डात आणून ओतलं. एवढे सगळे देव आठवले ते फुकटच गेले.

बाजूच्या खाटेवर समुद्रपूरची शोभाबाई होती. तिचं झालं होतं, म्हणून तिला दुसऱ्याचं ऐकायला वेळ होता.

"सुनेनंच घोळ केला म्हणते? पोटची असती तर असं केलं असतं का?"

"तुमची पोटची कुठं आहे मंग? चार दिवसांत दिसली नाई."

त्यावर ती भिंतीकडं वळली.

दुपारी मनकर्णा सिस्टर आली. खुर्ची ओढून बसली. तीही थकलेली होती, पायातली चप्पल काढून तिनं टाच चोळली. मग म्हणाली, "अनुसयाबाई, पेशंटला त्रास झाला. तुमची तक्रार असेल तर ती मला वर सांगावी लागेल. मग रीताला काढतील. तक्रार नसेल तर माझ्या हातात आहे. खरं काय ते सांगा. घरची म्हणून झाकू नका."

रीता दारात उभी होती. टोपी हातात, केस घामानं कपाळाला चिकटलेले. आत यायची हिंमत नव्हती आणि जायचीही नव्हती.

एक शब्द पुरेसा होता. उद्यापासून ती दुकानात, मी खाटेवर. गिऱ्हाइकांना मला खोटं सांगायला नको. भाजीत मीठ. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मला सारखं ते आठवत होतं, 'तुला कोणी पाहिलं होतं?' 'नाई.' गप्प बसली असती तरी कोणाला कळलं नसतं. टेप काळी होती. मला कापलं असतं, पुढं पू झाला असता, तर लोक म्हणाले असते म्हातारीचं नशीब.

"तक्रार?" मी म्हटलं. "माह्या सुनेची तक्रार मी तुमच्यापाशी करू? तिले काढायचं असन तं मी काढीन. तुमी कोण?"

सिस्टर हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. "बरं. पण महिनाभर ती ड्रमला हात लावणार नाही. नुसतं घासायचं."

"घासू द्या. घरी तरी काय करते?"

सिस्टर गेल्यावर रीता खाटेजवळ आली. घरून आणलेला डबा उघडला, पोळी-वरण ताटलीत काढलं.

"आई, तुमी सांगतलं असतं तं तुमच्याच मनासारखं झालं असतं."

"माह्या मनाचं तू नको सांगू मले. अन् पुढच्या आठवड्यात मी पुन्हा उपाशी राह्यणार हायो, ते ध्यानात ठेवजो. तुह्याच पायी."

"हाव."

"उभी काय राह्यली? ती सिस्टर वाट पाहून राह्यली असन. जाय."

ती गेली. फरशीवर तिची चप्पल घासत गेल्याचा आवाज मी बराच वेळ ऐकत होते. मग पोळीचा तुकडा वरणात बुडवला. वरण गार झालं होतं आणि त्यात मीठ नव्हतं. तसंच खाल्लं, आणि ताटली उशाशी ठेवून डोळे मिटले.