काबरीचा सव्वा तास

धुळे ते जळगाव एस.टी.ला तीन तास लागायचे, तेही ड्रायव्हरने पारोळ्याला चहा लांबवला नाही तर. जब्बारच्या काबरीला सव्वा तास पुरायचा. पाखराला ना वळणं, ना थांबे.

शुक्रवारी माग बंद. जब्बार विणलेली लुगडी घेऊन जळगावच्या व्यापाऱ्याकडे निघायचा, करंडीत ही कबुतरी. स्टँडवर उतरला की तिला सोडायचा. काबरी धुळ्यात छपरावर उतरली की शहनाजला कळायचं, नवरा सुखरूप पोहोचला. मग ती खिचडीचे डाळतांदूळ भिजत घालायची. ती जळगावला माहेरी गेली की पाखरू तिच्याबरोबर. परत निघताना ती पाखरू सोडायची आणि घरी खिचडी जब्बार टाकायचा. मीठ मात्र हा बाबाजी हमखास विसरायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात काबरी आली, जब्बार आला नाही. त्या संध्याकाळी पारोळ्याजवळ पुरात जळगावहून प्रवासी घेऊन येणारी एक जीप वाहून गेली होती. तिघांची प्रेतं सापडली, त्यांत तो नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी पिंजरा रिकामा. दुपारी काबरी उगवतीकडून आली आणि छपरावर उतरली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

शेजारची तानुबाई पिंजऱ्याच्या लावलेल्या कडीकडे बघून कानाला हात लावायची. "माय वं, कडी लायेल शे, तरी कशी जास हाई?"

जळगावहून शहनाजचा भाऊ अमीन आला, तो तावातच. "आपा, कबूतर घरी परत येतं, घर सोडून जात नसतं. कुणीतरी तिला जळगावात नेतोय. दुसरा संसार थाटलाय तुझ्या मालकानं!"

भावाचं खरं असेल तर जब्बार जिवंत होता आणि त्याने शहनाजला टाकलं होतं. टाकलं नसेल, तर तो जिवंत नव्हता. दोन्हींतलं कोणतं मागावं, तेच तिला कळेना. नमाजाला बसली की तिचे हात नुसतेच उघडे राहायचे.

शेवटी एका गुरुवारी तिने काबरीला करंडीत घातलं आणि रात्रभर करंडी उशाशी ठेवली. सकाळी घराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून ती एकटीच एस.टी.त बसली. जळगावात दुसरं घर असेल तर पाखरू तिकडेच वळेल, असा तिचा हिशेब होता.

स्टँडवर तिने झाकण काढलं. काबरीने एक घिरटी घातली आणि सरळ मावळतीला, धुळ्याकडे निघाली. शहनाजने रिकामी करंडी उचलली. मग परतीच्या गाडीत चढली.

घरी पोहोचली तेव्हा ऊन कललं होतं, असरची अजान होत होती. काबरी छपरावर होती. कुलूप होतं तसंच होतं. दार उघडलं आणि तिच्या नाकात धूर शिरला.

चूल पेटलेली होती. वर पातेलं, झाकणाखालून वाफ येत होती.

तिने हातपाय धुऊन ताट घेतलं, खिचडी वाढून घेतली आणि पहिला घास तोंडात घातला. मीठ नव्हतं.

मिठाची बरणी हाताशीच होती, पण तिने ती उघडली नाही. सगळी खिचडी तशीच संपवली, पातेलं निपटलं. मग चुलीपुढे बसून तिने हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या.