घेतलं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

कॅप्टनांच्या घरात एक विचित्र शिस्त होती. वहिनींना ती लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळली. चहाचा कप पुढे केला की कॅप्टन तो धरत आणि स्पष्ट म्हणत, "घेतला." मग वहिनींनी कप सोडायचा, आधी नाही.

"विमानात आम्ही दोघं असतो," त्यांनी समजावलं होतं. "एकानं दुसऱ्याच्या हाती विमान द्यायचं तर 'तू घे' म्हणायचं, आणि तो तोंडानं 'घेतलं' म्हणेपर्यंत आपला हात काढायचा नाही. नाहीतर मला वाटतं तुझ्याकडे आहे, तुला वाटतं माझ्याकडे आहे, आणि विमान कोणाकडेच नाही."

"आणि हा कपही उडतो की काय?" वहिनी तेव्हा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पण मुलगी झाली आणि शिस्त अंगात मुरली. तान्ही लेक या हातातून त्या हातात जाताना "घेतली" ऐकल्याशिवाय त्यांची बोटं सैल होईनात. पुढे शेजारणीला वाटीभर साखर देतानाही त्या थांबायच्या. शेजारीण म्हणायची, "सोडा की हो आता! का परत न्यायचा विचार आहे?"

म्हणून त्या दिवशी सकाळी उड्डाणावरून आलेल्या कॅप्टनांनी चहाचा कप हातात घेतला आणि चकार शब्द काढला नाही, तेव्हा वहिनींनी कप धरूनच ठेवला.

"काय झालं हो?"

"काही नाही."

लेक शाळेत गेली, दार लागलं, तेव्हा कुठे कॅप्टन बोलले. बोलताना त्यांची नजर खिडकीबाहेर होती. पहाटे परतीच्या वाटेवर त्यांचे डोळे मिटायला लागले होते. शेजारी लंबू होता, त्यांचा नेहमीचा सहवैमानिक. कॅप्टन त्याला "तू घे" म्हणाले आणि लंबूनं मान डोलावली.

"मान डोलावली. 'घेतलं' म्हणाला नाही. आणि मी वाट बघितली नाही."

"मग?"

"ती मान डोलावली नव्हती गं. झोपेनं खाली पडली होती."

तोंडावर ऊन आलं तेव्हा कॅप्टनांना जाग आली. रेडिओवर खालचा माणूस जीव तोडून त्यांना हाका मारत होता. लंबूची हनुवटी छातीला टेकलेली. विमान आपलं आपण सरळ चाललेलं, आणि मागे माणसं, बायका, पोरं, नाश्त्याची वाट बघत बसलेली.

"कोणाला सांगितलंत?"

"तुला."

"मग आता कोणालाही सांगू नका," त्या म्हणाल्या. आपला आवाज इतका खाली गेलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

एरवी ही गोष्ट त्या चार भिंतींत जिरून गेलीही असती. पण ते दिवस कराराच्या वाटाघाटींचे होते. वैमानिकांची युनियन आणि कंपनी यांच्यातला जुना करार संपला होता, आणि नव्यासाठी दोन्ही बाजू आठवड्यामागून आठवडे एका लांब टेबलाशी समोरासमोर बसत होत्या. कॅप्टन युनियनच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी एक. बाकी सगळं कसंबसं जमलं होतं. गाडं अडलं होतं ते दोन उड्डाणांमधल्या सक्तीच्या विश्रांतीवर. कंपनीला ती कमी करायची होती. वैमानिक थकव्याबद्दल बोलले की कंपनीचे बडेसाहेब खुर्चीत मागे रेलत आणि तेच तेच विचारत, "थकवा कोणाला येत नाही? मलाही येतो. एक प्रसंग दाखवा. एकच. दाखवा आणि मग बोला."

प्रसंग टेबलाशीच बसलेला होता, आणि तो खाली मान घालून पाण्याचा ग्लास फिरवत होता.

वहिनींना आजवर विमानाची भीती अशी कधी वाटली नव्हती. कंपनीच्या वसाहतीत राहायचं तर ती वाटून चालतच नसे. गच्चीत कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान गेलं की वसाहतीतल्या बायका आवाजावरून सांगायच्या, "आला गं तुझा नवरा, आमटीला फोडणी टाक." पण आता फोन वाजला की त्या उचलायला कचरायच्या. तो काळा, जड फोन, त्यावर त्यांनी स्वतः विणलेला रुमाल. कंपनीला कळलं तर? परवाना जाईल. परवाना गेला की नोकरी, नोकरी गेली की हे घर, लेकीची शाळा, अंगणातला त्यांनी लावलेला मोगरा. आणि त्यांना पक्कं ठाऊक होतं, हा माणूस एक दिवस बोलणार. जेवताना घास हातातच राहायचा त्यांचा.

शेवटच्या बैठकीच्या दिवशी सकाळी कॅप्टन दाढी करत असताना दाराची घंटी वाजली. दारात लंबू. चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला, गणवेश अंगावरच, डोळे लालभडक.

"आत्ताच उतरलास वाटतं?" वहिनींनी विचारलं.

"हो. संध्याकाळी परत आहे." तो सोफ्याच्या टोकाशी टेकला. "वहिनी, सर आज बोलणार आहेत. काल मला फोनवर म्हणाले, तुझं नाव घेणार नाही. पण नाव घ्यायची गरज आहे का? त्या दिवशी शेजारी कोण होतं ते कंपनीतला शिपाईसुद्धा सांगेल."

वहिनींनी आतलं दार हळूच लोटलं.

"माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, वहिनी. सरांची निम्मी नोकरी झाली, माझी आत्ता कुठे सुरू झालीय. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"माझं?" वहिनी कशाबशा हसल्या. "माझं ऐकून त्यांनी आजवर छत्रीसुद्धा नेलेली नाही." मग दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "सांगते रे. माझ्याही जिवाला तोच घोर लागलाय. तू चहा घे आधी."

लंबूचे खांदे एकदम सैल झाले. चहा होईपर्यंत स्वयंपाकघरात वहिनी मनाशी वाक्यं जुळवत होत्या. लेकीची शपथ घालायची. रडायची वेळ आली तर रडायचं. दोन घरं वाचतील, आणि झालं गेलं ते गेलं. कोणाला कुठे काय झालं होतं?

त्या कप घेऊन बाहेर आल्या. लंबू सोफ्याच्या टोकाशी तसाच बसलेला होता. त्यांनी कप पुढे धरला, त्याची बोटं कपाला लागली, आणि त्यानं मान डोलावली.

वहिनींनी कप सोडला.

फरशीवर खळकन आवाज झाला. गरम चहा लंबूच्या पँटवर, वहिनींच्या पावलांवर. लंबू दचकून उभा राहिला आणि त्याचा हात पुढे हवेत कसलंतरी बटण शोधत फिरला. क्षणभर त्याला आपण कुठे आहोत तेच उमगेना.

वहिनींना पाय भाजल्याचं कळलंही नाही. त्या नुसत्या त्याच्या त्या हाताकडे बघत होत्या. इतकी वर्षं पाळलेला नेम, आणि आज त्या मान बघून फसल्या होत्या. दिवसाढवळ्या, स्वतःच्या घरात, हातभर अंतरावरून. आणि हा पोरगा संध्याकाळी विमान घेऊन जाणार होता.

आवाज ऐकून कॅप्टन अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आले. त्यांनी तुकडे पाहिले, लंबूला पाहिलं, वहिनींचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"मला वाटलं त्यानं घेतला," वहिनी म्हणाल्या.

लंबू खाली बसून तुकडे गोळा करू लागला. एवढा उंच माणूस फरशीवर बसला की केविलवाणा दिसतो.

"राहू दे ते, हात कापशील," वहिनी म्हणाल्या, आणि मग नवऱ्याकडे वळल्या. स्वयंपाकघरात जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही त्यांना आठवेना. "अहो, तुम्ही बोला आज."

"आणि हा?"

लंबूनं मान वर केली नाही. खालूनच म्हणाला, "मी पण येतो, सर. मलाच सांगू दे माझं. तुम्ही सांगितलंत तर मी लपलो असं होईल."

"बायकोला विचार आधी."

"विचारलं तर नको म्हणेल, सर."

"ही पण नको म्हणत होती," कॅप्टन म्हणाले. "फोन तिथे आहे."

लंबूनं रुमाल बाजूला सारून फोन लावला. पलीकडे बाळ रडत होतं, ते खोलीभर ऐकू आलं. तो थोडंसंच बोलला, बराच वेळ ऐकत राहिला, आणि ठेवताना म्हणाला, "सांग म्हणाली. संध्याकाळी विमानावर नको म्हणाली. कुठेही जाऊ नकोस, घरी ये म्हणाली."

ते दोघं गेले आणि घर खायला उठलं. वहिनींनी भाजलेल्या पावलांना ओली फडकी गुंडाळली आणि फोनशेजारी बसून राहिल्या. डोक्यावरून विमानं जात होती. आजवर त्या आवाजावरून विमान ओळखायच्या. आज प्रत्येक आवाजाला त्यांना एकच विचारावंसं वाटत होतं, आत कोणी जागं आहे ना? लेक शाळेतून आली, तिनं पायाला काय झालं विचारलं, त्यांनी तिला उगाचच जवळ ओढून घट्ट धरून ठेवलं. "आई, सोड ना, गुदमरले मी!"

ऊन कलल्यावर कॅप्टन आले. दारातच उभे राहिले, टोपी आणि बॅग हातात, आता हे सगळं कुठे ठेवायचं तेच विसरल्यासारखे.

"काय झालं?"

"दोघांचीही उड्डाणं बंद. आजपासून. चौकशी बसेल." त्यांचा आवाज सपाट होता. "आम्ही सांगितल्यावर बडेसाहेब खुर्चीत सरळ झाले. मग त्यांनी विचारलं, त्या विमानात कोण कोण होतं? मी म्हटलं, यादी तुमच्याकडेच असेल. त्यांना आठवलं असावं. त्यांची आई त्या दिवशी बहिणीकडून परत आली होती."

वहिनी फोनशेजारून उठल्या.

"विश्रांतीचं कलम आहे तसंच राहिलं. सही झाली."

"आणि आपलं?"

"आपलं माहीत नाही," कॅप्टन म्हणाले. वहिनींनी त्यांना घाबरलेलं असं पहिल्यांदाच पाहिलं. वादळातून विमान उतरवून आलेला हा माणूस, पण आज त्याला उंबरा ओलांडवत नव्हता. "घर सोडावं लागलं तर... मला दुसरं काही येत नाही गं."

वहिनींनाही भीती वाटत होती. ती कुठे गेली नव्हती, आणि पुढे कितीतरी दिवस जाणारही नव्हती. त्यांनी लंगडत पुढे होऊन बॅगेला हात घातला. कॅप्टनांनी बॅग सोडली नाही. बोटं पांढरी पडेपर्यंत धरून ते नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घेतली," वहिनी म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी हात काढला.