पाहुण्यांना दाखवलेली कुपी

मी एक जुनं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आहे. मित्रांनो, नाव ऐकून दचकू नका. चिमटीत मावेल एवढ्या कुपीत माझं सगळं बिऱ्हाड. माझा जन्म एका सशाच्या रक्तात झाला. जंतांच्या स्नायूंवर निकोटिनिक अ‍ॅसिटिलकोलिन रिसेप्टर नावाचं पाच तुकड्यांचं एक कुलूप असतं. मेंढरांना पाजतात ते जंताचं एक औषध याच कुलपाला लागू पडतं. त्यातला एक तुकडा ओळखून घट्ट धरायचा, एवढंच मला येतं.

सोलापूरच्या एका प्रयोगशाळेत मी आलो तो सुकन्यासाठी. ही सांगोल्याकडची विद्यार्थिनी. तिच्या वडिलांची, जोतिरामांची, मेंढरं औषध पाजूनही गळ्याखाली सुजून मरत होती. जंतांतला तो तुकडाच नाहीसा झाला असेल, तर औषध धरणार कशाला? ते मी सांगायचं होतं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “सर, आजच बारीक नळ्यांत वाटून ठेवू की. सारखं वितळून गोठवलं तर हे कामातून जाईल.”

“अगं, थांब जरा,” प्रयोगशाळेचे प्रमुख मृत्युंजय सर म्हणाले. “परवा पाहुणे येणार आहेत. अख्खी कुपी दाखवू, मग वाट.”

सर वाईट नव्हते हो. दोन वर्षं अर्ज करून त्यांनी मला मिळवलं होतं. पण एक पाहुणे गेले की दुसरे येत. दर वेळी मला डीप फ्रीझरमधून काढत. मी या हातातून त्या हातात फिरे, आणि पाहुण्यांची कडक भाकरी नि शेंगाचटणी संपेपर्यंत टेबलावरच राही. मग पुन्हा गोठणं. दर खेपेला माझी पकड ढिली होत होती. खरं सांगतो, तरी मला ते कौतुक आवडायचं. मी शेफारलो होतो.

एक दिवस जोतिरामांची कळपापुढं चालणारी मेंढी मेली. तिच्या पोटातले जंत थर्मासमध्ये घालून ते स्वतः एसटीनं घेऊन आले. सुकन्यानं ते जंत आणि शेजारी तुलनेसाठी औषध लागू पडणारे जंत, दोन्ही तपासले. दोन्हीकडं कोरं! जिथं तो तुकडा नक्की होता, तिथंही मला काही धरता आलं नाही. खोट माझ्यात होती. आणलेले जंत मात्र संपले होते.

संध्याकाळी जोतिरामांचा फोन आला. “पोरी, त्येच औशिद पाजू का दुसरं आणू?”

“आबा, मला अजून ठावं न्हाय.”

“बरं. मग त्येच पाजतो.”

पावसाळा सरेपर्यंत निम्मा कळप गेला.

नवी कुपी आली, तेव्हा सरांनी स्वतः बर्फ धरला आणि सुकन्यानं पाव तासात ती वीस नळ्यांत वाटली. आबांनी पुन्हा आणलेल्या जंतांवर उत्तर मिळालं. तो तुकडा खरंच नव्हता. आबांनी औषध बदललं. उरलेली मेंढरं तगली.

मी आता काचेच्या कपाटात असतो. मित्रांनो, कामाची वस्तू मिरवण्यात झिजवू नका. तिची वाट बघणारं कुणीतरी लांब असतं.

पाहुणे अजून येतात. सर नळ्यांना हात लावू देत नाहीत, मलाच दाखवतात.

“हे काय ओळखतं?” पाहुणे विचारतात.

सर मला परत कपाटात ठेवतात. “माझी चूक,” म्हणतात.