बाथरूमची कडी

आमच्या बाथरूमला कडी नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला अवघडायला नको. कधीच नव्हती असं नाही. लग्न होऊन आल्यापासून पुष्कळ लागल्या. लागतात आणि जातात. आमच्याकडे पाली वर्षानुवर्षं टिकतात, कड्या टिकत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढीशी वस्तू, हार्डवेअरच्या दुकानातून आणावी की. तेच तर दुखणं आहे. हार्डवेअरचं दुकान आमचंच आहे. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक दार. त्या दाराला मूठ नाही.

सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हा एकच नियम घातला, की पायरी चढून आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरता कामा नये. सासरे गेले, नियम मागे राहिला आणि तो पाळायला आमचे हे राहिले. माल संपला की दुसरा कुठलाही दुकानदार सांगतो, उद्या या. हे सांगत नाहीत. हे गिऱ्हाइकाला म्हणतात, "दोन मिनिटं बसा," स्टूल उचलतात, स्क्रू ड्रायव्हर घेतात आणि घरात येतात. मी ओट्याशी असले तर मला म्हणतात, "जरा बाजूला हो." मी बाजूला झाले की माझ्यामागच्या कपाटाची बिजागरी जाते. सोमवारी माल येतो, तेव्हा नवी लावणार असतात. सोमवारी माल येतो खरा, पण मंगळवारी कुणाचं तरी कपाट मोडतं.

त्यामुळे गल्लीत कुणाकडेही गेले तरी मला परकं वाटत नाही. शिंपीणबाईंच्या खिडकीचा आकडा आमचा. नर्सबाईंच्या मोरीतला नळ माझा, चांगला जड पितळी होता, मी गेले की त्याच्यावरून एकदा हात फिरवून येते. त्यांना वाटतं मी हात धुतेय.

आणि लोक तरी दुसरीकडे जातील म्हणता? मोठ्या रस्त्यावर चकचकीत दुकान आहे, काचेचं दार आपोआप उघडतं. तिथे स्क्रू पाकिटात मिळतात. एक हवा असेल तर पन्नास घ्या, उरलेल्यांचं काय लोणचं घालायचं? आमच्याकडे माणूस मोडकी वस्तू रुमालात बांधून आणतो, काउंटरवर रुमाल सोडतो आणि म्हणतो, अस्संच एक द्या. हे ती वस्तू उलटीसुलटी बघतात, चष्मा वर करून बघतात, आणि बऱ्याचदा म्हणतात, "नवीन कशाला? वायसर बदला." गिऱ्हाईक खूश, गल्ला उपाशी. गल्ल्यावर सासूबाई बसतात, त्या काही बोलत नाहीत, फक्त खिळ्यांचा तराजू जरा जोरात ठेवतात.

तर बाथरूम. कडी नसली तरी माणसांना अंघोळ चुकत नाही, म्हणून आमच्याकडे आतल्या माणसाने आवाज करत राहायचा रिवाज पडला. हे शीळ घालतात. मी गाणी म्हणते, बरीच येतात मला. सासूबाईंना गाण्याचं वावडं, त्या पाढे म्हणतात. बाहेर उभं राहून अंदाज घ्यायचा. बेचा चालू असेल तर थांबावं, एकोणतीसचा लागला तर सरळ शेजारी जावं.

हे सगळं मी गोड मानून घेतलं होतं. पण ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. सकाळी वेणी घालता घालता पाढे पाठ करून घ्यायची, चुकलं की वेणीला हिसका. तेराच्या पाढ्याने माझे निम्मे केस गेले असतील. ताई एकदाच आमच्याकडे राहायला आली होती, पुष्कळ वर्षं झाली. तिला आपली गुपचूप अंघोळ करायची सवय. मीटर बघायला आलेला माणूस, आत काही आवाज नाही, त्याला वाटलं इथेच मीटर असेल. त्याने दार उघडलं. पुढचं मी सांगत नाही. ताईने त्याच दुपारी पिशवी भरली. त्यानंतर मी तिच्याकडे जायची, ती माझ्याकडे नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही, पण मला ते सलत होतं. सख्ख्या बहिणीने आपल्या हातचा चहा आपल्या ओट्याशी उभं राहून प्यावा, एवढंसुद्धा माझ्या नशिबात नव्हतं.

आणि आता ताई स्वतःहून म्हणाली, "येऊ का गं चार दिवस?" मग जरा थांबून म्हणाली, "कडी आहे ना?"

मी "आहे" म्हटलं आणि फोन ठेवून थेट दुकानात गेले.

"अहो, कडी."

"कुणाला हवीय?" यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"मला."

हे गोंधळले. घरचं माणूस गिऱ्हाईक म्हणून समोर उभं राहण्याची सवय नव्हती त्यांना. त्यांनी फळीवरची सगळ्यात जाड पितळी कडी काढली, झटकली, स्वतः लावली. मी पाठीशी उभी राहून सगळ्यात लांब स्क्रू लावायला लावले. मग म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ घ्या. ताई जाईपर्यंत ही कडी हलणार नाही. प्रत्यक्ष तुमचे वडील पायरी चढून आले आणि कडी मागितली, तरी नाही."

"बाबा कशाला मागतील, ते असते तर त्यांनीच काढली असती," सासूबाई गल्ल्यावरून म्हणाल्या.

यांनी शपथ घेतली. माझ्या मनात स्क्रू ड्रायव्हर लपवून ठेवायचं आलं होतं, पण हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू ड्रायव्हर लपवून लपवून किती लपवणार.

ताई आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि पहिल्यांदा बाथरूमकडे गेली. मी कान देऊन उभी. खट्ट आवाज झाला. इतका छान आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. बाहेर आल्यावर ताईने पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले. माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस यांची परीक्षाच होती. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातली खुंटी गेली. दुसऱ्या दिवशी ताई ज्या खुर्चीवर बसली होती तिच्या पायाचा रबरी बूट गेला. हे तिच्यासमोर वाकून म्हणाले, "ताई, जरा पाय वर घेता?" ताईने घेतले. खुर्ची डुगडुगायला लागली, ताई तशीच डुगडुगत पेपर वाचत राहिली. मी मूग गिळून बसले, कारण कडी जागेवर होती. त्यातच शाळेचा दुरुस्तीवाला येऊन दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कड्या घेऊन गेला. मी यांच्याकडे बघितलं, यांनी छताकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीवाला आला. हा रोजचा माणूस, येताना हसतच येतो, काउंटरवर टेकून तासभर गप्पा हाणतो, मग आठवतं त्याला की खिळा घ्यायला आलो होतो. त्या दिवशी तो टेकला नाही. अंगावर पीठ तसंच होतं.

"दादा, एक कडी द्या. चांगली भक्कम."

त्याची आई गेलं वर्षभर विसरते. आधी नावं विसरायची, आता घर विसरते. दार उघडून निघते आणि कुठेही चालत जाते. आज दुपारी मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडली, अनवाणी. एका ट्रकवाल्याने बसवून ठेवलं होतं म्हणून.

"दाराला दोरी बांधली तर सोडते हो. आयुष्यभर बेकरीतली खोकी बांधली-सोडली तिने," तो म्हणाला. "दाराला वर, तिच्या नजरेच्या वर कडी लावतो. मोठं दुकान आज बंद आहे. मी तिथेच दाराशी झोपतो, पण पहाटे भट्टी पेटवायला उठावंच लागतं मला."

मी मधल्या दारात भांडं पुसत उभी होते. यांचा हात सवयीने स्टुलाकडे गेला. मग यांनी मला बघितलं. हात मागे आला.

"नाहीये," हे म्हणाले. "संपल्या. उद्या या."

सासूबाईंच्या हातातले खिळे तसेच राहिले. लग्न करून मी या घरात आले तेव्हापासून यांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. यांना तो नीट म्हणताही आला नाही, परकी भाषा बोलल्यासारखा म्हणाले. बेकरीवाल्याने मान हलवली, "बरं" म्हणाला आणि पायरी उतरला. रिकाम्या हाताने. हे स्टुलाकडे बघत उभे राहिले. इतका बिचारा चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्यामुळे झाला होता.

मला असा संताप आला म्हणता. यांचा, सासऱ्यांच्या नियमाचा, शाळेच्या दुरुस्तीवाल्याचा आणि सगळ्यात जास्त माझा.

"अहो बेकरीवाले," मी दारातून हाक मारली, "दोन मिनिटं बसा."

मग काउंटरवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला. हे मधे उभे होते.

"जरा बाजूला व्हा," मी म्हटलं.

ताईला काय सांगायचं ते मी चालता चालता ठरवत होते. ताई रागावणार, पिशवी भरणार, पुन्हा काही ती यायची नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. आणि बाथरूमपाशी पोचले तर दार बंद. आतून पाण्याचा आवाज. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. कडी आतल्या बाजूला, आणि कडीच्या आतल्या बाजूला ताई.

"ताई," मी दार वाजवलं. "कडी काढायचीय."

"काय?"

"कडी. एकाला हवीय."

"अगं, अंगाला साबण आहे माझ्या."

मी दाराला तोंड लावून सगळं सांगितलं. बेकरीवाल्याची आई, मोठा रस्ता, ट्रक, अनवाणी पाय. हेही सांगितलं की मी शपथ घातली होती आणि मीच मोडतेय, आणि तुला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. पाणी बंद झालं.

मग ताई म्हणाली, "दाराखालून सरकव."

"काय?"

"स्क्रू ड्रायव्हर. आणि उलटा कुणीकडून फिरवायचा ते सांग, मला नेहमी गोंधळ होतो."

मी सरकवला. आतून खुडबुड सुरू झाली. ताई धापा टाकत होती. "कुठल्या गाढवाने एवढे लांब स्क्रू लावलेत," ती आतून म्हणाली. मी गप्प बसले. एक स्क्रू हलेचना, तर हे मागून येऊन कुजबुजले, "सगळा भार देऊन दाबायला सांग." मी सांगितलं. हात साबणाचे, स्क्रू ड्रायव्हर दोनदा घसरला, एकदा कशावर तरी आपटला आणि ताईने एक शब्द वापरला, जो तिने मला कधी वापरू दिला नव्हता. मग दाराखालून एकेक स्क्रू आला, आणि शेवटी फेसाने माखलेली कडी.

यांनी ती शर्टाला पुसली आणि दुकान टाकून बेकरीवाल्याबरोबर धावत सुटले. त्याच्या दारात स्वतः लावून देणार होते. जाताना स्टूलही नेलं.

मी दाराला पाठ लावून खालीच बसले.

"गेला का तो?" ताईने विचारलं.

"गेला."

"आता कुणी येणार नाही ना?"

"मी बसलेय इथे."

"तू बसलीयेस ते ठीक आहे गं, पण तुमच्या घराचा काही भरवसा नाही." मग पाणी पुन्हा सुरू झालं आणि पाण्याबरोबर, आधी अगदी दबून, मग जरा मोठ्याने, आवाज आला. "बे एके बे. बे दुणे चार."

दुकानातून सासूबाईंनी हाक दिली. "साबण लागलाय ना अंगाला? मग बेचा पुरायचा नाही. तेराचा घ्यायला सांग तिला."

मी सांगितलं नाही, ताईला ऐकू गेलं होतं. तिने घसा खाकरला आणि तेराचा सुरू केला. चांगला खणखणीत, शेजारीसुद्धा ऐकू जाईल असा. पासष्टपर्यंत आली, अठ्ठ्याहत्तरपर्यंत आली.

"तेरा साते..." ताई म्हणाली आणि थांबली.

मी इथेच अडायचे. याच ठिकाणी वेणीला हिसका बसायचा.

"एक्क्याण्णव," मी बाहेरून सांगितलं.

"माहितीये मला," ताई आतून म्हणाली. "तुला येतंय का ते बघत होते."