पाण्याखाली गेले तर…

विभक्त झालेल्या आईबापांना भांडायला निमित्त लागत नाही. मिळालं तर मात्र ते सोडत नाहीत.

"परीक्षेलासुद्धा उशीर! मुद्दाम करतेस तू!" लेवार्डन शहरातल्या तरणतलावाच्या दारातच वीबेने आपल्या पूर्वीच्या बायकोच्या, आफ्केच्या हातातली पिशवी हिसकावली. तिचा तोल गेला आणि ती भिंतीवर आदळली. पिशवीतले कपडे आणि बूट फरशीवर पसरले. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने, नीन्केने ते गोळा केले.

आज तिची पोहण्याची पहिली परीक्षा होती. अंगात कपडे, पायांत बूट घालून उडी मारायची आणि पाण्याखाली टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघायचं.

बाकांच्या एका टोकाला आफ्के बसली, दुसऱ्या टोकाला वीबे आणि त्याची आई. नीन्केची पाळी आली. पण ती काठावर उभीच! शिक्षिकेने वाकून तिला काही विचारलं, मग शिक्षिका थेट वीबेकडे आली.

"ती म्हणते, मी पाण्याखाली गेले तर आईबाबांकडे कोण बघणार?"

वीबे चपापला. "उशीर आफ्केने केला…"

"झालं तुझं घड्याळपुराण?" वीबेची आई म्हणाली. "अरे, वेगळे तुम्ही झालात आणि पहाऱ्याला पोरीला बसवलंत! आफ्के तुझी बायको राहिली नाही, पण नीन्केची आई आहेच. तिला लागलं ते पोरीलाही लागलं."

"मी मारलं नाही, आई. फक्त पिशवी ओढली."

"भिंतीवर आदळली ती पिशवी होती का?"

वीबे उठला आणि आफ्केपासून चार पावलांवर थांबला.

"चूक माझी. तू पडली असतीस. राग आवरण्यासाठी उद्याच तज्ज्ञाची मदत मागतो. तोवर नीन्केला न्यायला माझी आई येईल, मी नाही."

"बोलणं सोपं असतं, वीबे. करून दाखव," आफ्के म्हणाली. मग नीन्केकडे बोट दाखवून, "आता हात हलव तिला. बघतेय ती."

दोघांनी हात हलवले. नीन्केने उडी मारली. क्षणभर नुसते बुडबुडे… आणि ताडपत्रीच्या पलीकडे डोकं वर आलं! ती बाकांकडे बघेना. शेजारच्या मैत्रिणीवर पाणी उडवण्यात ती रंगून गेली होती.

मंडळी, घरं दोन झाली तरी चालतं. पण आईबापांना सांभाळण्याची नोकरी लेकरांना लावू नका. ती त्यांच्या खांद्यावरून उतरवून घ्या, म्हणजे लेकरं निर्धास्त बुडी मारतील.